चार बाय पाचचा लाकडी कॅमेरा, आठ महिन्यांनंतर

दिवाळीत जुना लाकडी फोल्डिंग कॅमेरा घेतला, ४ बाय ५ इंच शीट फिल्मचा (रोल नाही, एका फोटोला एक सुटा तुकडा), सोबत १५० एमएमची लेन्स अन् शीट भरायचे पाच होल्डर. परभणीत राहून साठेक शीट काढून झाल्या, म्हणून आता लिहायलोय.

टेबलावरच्या वस्तूंसाठी याला तोड नाही. पुढं हिमरूचा तुकडा पसरला, मागं तांब्या अन् ज्वारीची कणसं. लेन्सचा स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, जरासा पुढं झुकवला की फोकस कापडावर आडवा पसरतो, कॅमेऱ्यामागच्या काचेवरच्या उलट्या चित्रात धागा न् धागा दिसायला लागतो. तांब्याचा गळा मात्र त्यातून निसटतो, त्यासाठी एफ ३२ इतकं बारीक छिद्र लागतंच.

सगळ्यात जास्त फिल्म बेलोजनं, म्हणजे लेन्स अन् काचेमधल्या घडीच्या भात्यानं, खाल्ली. वस्तूजवळ गेलं की बेलोज लांबतो अन् उजेड घटतो, हे सुरुवातीला ध्यानातच राहायचं नाही, दहा-बारा शीट अंडर गेल्या. या लेन्सला बेलोज २१० एमएम झाला की जवळपास एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायचा, ३०० झाला की पूर्ण दोन. आता शिंप्याची टेप बॅगेतच असते. वरून एफपी४ ही फिल्म लांब एक्सपोजरला मंदावते, मीटरनं १० सेकंद सांगितले तर १८ द्यावे लागतात, ते वेगळंच.

पोर्ट्रेट आबांचं काढलं, ओसरीत, दाराच्या उजेडावर, एफ ८ ला एक सेकंद. होल्डर घातला की काचेवरचं दिसणं बंद, अन् तेवढ्यात माणूस दोन बोटं पुढं झुकला तरी डोळे फोकसच्या बाहेर. म्हणून कॅमेऱ्याला दोरा बांधला, फोकस झाल्यावर त्यांच्या कानशिलापाशी गाठ मारली, शटर दाबायच्या आधी दोरा ताणून बघायचा. आबा म्हणाले, "काय मापं घ्यायलास, सदरा शिवतोस का?" पण काठीवर दोन्ही हात ठेवून असे निवांत बसले की तसा चेहरा मोबाइलात कधीच आला नव्हता.

एप्रिल-मे फार जड गेले. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २० डिग्रीला पाहिजे अन् टाकीचं पाणी ३४, परातीत बर्फ घालून बाटल्या ठेवायच्या. चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालून शीट भरायच्या काळ्या पिशवीत, हात घामेजतात, डाग पडतात, त्यामुळं पहाटे चारला न्हाणीघरात अंधार करून शीट भरतो, पंखा-कूलर बंद, नाहीतर धूळ बसते.

विकणाऱ्यानं होल्डर तपासलेत म्हणून सांगितलं होतं, दोघांतून उजेड शिरायलाय. जुना सेट घेणार असाल तर अंधारात बेलोजच्या आत टॉर्च लावून कोपरे बघाच, होल्डरला एकेक शीट खर्च करा.

आजी अजून बसलेली नाही, पेरणी झाल्यावर बसते म्हणाली, तिच्यासाठी चार शीट फ्रिजात वेगळ्या ठेवल्यात.