मोटरहोमचं वाकडं स्टिअरिंग ड्रॅग लिंकवरून सरळ केलं, त्यानंतरचा अनुभव

आमच्या मोटरहोमचं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर डावीकडे झुकलेलं असायचं. गाडी नाकासमोर चाललेली, पण स्टिअरिंगच्या चाकाचा वरचा मध्य बाराच्या जागी साडेअकराला. मागच्या उन्हाळ्यात ते नाशिकमध्येच सरळ करून घेतलं. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, दिवाळीत कोकण झालं, कसारा आणि सापुताऱ्याचे घाट झाले, समृद्धीवर लांबचे पल्ले झाले. त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो: काम टिकलं आहे, आणि फरक फक्त दिसण्यात पडलेला नाही, गाडी चालवण्यातच पडला आहे.

गाडी म्हणजे सतरा सीटर डिझेल व्हॅनच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली मोटरहोम. पुढे अखंड ॲक्सल, खाली पाटे (लीफ स्प्रिंग), आणि रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं दात्यांमधून खाली पोहोचवणारी पेटी. बॉक्समधून ड्रॉप आर्म हा हलणारा दांडा निघतो, त्याला ड्रॅग लिंक, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी, आणि ती पुढच्या एका चाकाच्या आर्मला. पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा टाय रॉड वेगळा. हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं याच रचनेवर अवलंबून आहे.

झुकाव दिसला की पहिला सल्ला बहुतेक सगळीकडे एकच मिळतो. "साहेब, स्टिअरिंगचं चाक काढतो, दोन दाते फिरवून सरळ बसवतो, दहा मिनिटांचं काम." आम्ही त्याला नकार दिला आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो. या जातीच्या बॉक्समध्ये आतल्या दात्यांची पकड बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट ठेवलेली असते आणि दोन्ही बाजूंना ती सैल होत जाते. सरळ जाताना स्टिअरिंग हलू नये म्हणून ही सोय. चाक काढून सरळ बसवलं तर डोळ्यांना बरं दिसतं, पण बॉक्स आतून एका बाजूलाच राहतो. मग सरळ रस्त्यावर तुम्ही सैल भागात चालवत असता, आणि उंच, डब्यासारखी गाडी लेनमध्ये तरंगत राहते. शिवाय इंडिकेटर एका बाजूला लवकर बंद होतो, दुसऱ्या बाजूला होतच नाही. ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी तर चाकाला हात लावू देण्याआधी विचार करावा. चाकामागची गुंडाळलेली केबल चुकीच्या जागी बसली तर ताण येऊन तुटते.

आडगावच्या बाजूला ट्रकची कामं करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र गाडीखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, चाक नका सरळ करू, बॉक्स सरळ करा. चाक आपोआप येतं." काम त्यांच्याकडेच दिलं.

पण त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, पाणी किती भरलंय, गाडीत सामान किती. मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो आणि मोटरहोम असणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. आमची शंभर लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. म्हणजे भरली की शंभर किलो मागच्या टोकाला, आणि त्या वजनाने पुढचा भाग थोडा उचलला जातो. बॅटऱ्या डावीकडच्या बाकाखाली होत्या, ट्युब्युलर, एकेक पन्नास किलोच्या वर. पुढची उंची बदलली की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो. तिचं एक टोक सांगाड्याला बांधलेल्या बॉक्सकडे आणि दुसरं ॲक्सलबरोबर वर-खाली होणारं, त्यामुळे लिंकला कुठेतरी जागा करून द्यावी लागते आणि ती स्टिअरिंगच्या झुकावातून दिसते. रिकामी व्हॅन कारखान्यातून सरळ स्टिअरिंग घेऊनच आली होती. आत घर बांधल्यावर तिची बसण्याची उंचीच बदलली. रिकाम्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट प्रवासाच्या गाडीला लागू पडत नाही, हे इतकं साधं आहे, तरी अलाइनमेंटच्या दुकानात कोणी विचारत नाही.

म्हणून आधी वजनकाट्यावर गेलो. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त डावी बाजू काट्यावर घेऊन. डावी बाजू स्पष्ट जड निघाली. बॅटऱ्या उजव्या बाकाखाली हलवल्या, केबल नव्याने ओढल्या. या एका बदलाने गाडीचं डावीकडे कलणंही कमी झालं, आणि झुकावाचा थोडा भाग तिथेच गेला.

रस्त्याचा उतार हाही मुद्दा आहे. आपण डावीकडून चालवतो, रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी डावीकडे ओढते आणि स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. आमचं उलट, डावीकडे झुकलेलं. म्हणजे रस्ता उलट त्या दोषावर पांघरूण घालत होता. रविवारी सातपूर एमआयडीसीच्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर मधोमध चालवलं तेव्हा खरा झुकाव दिसला. स्टिअरिंगच्या चाकावर आणि खालच्या कव्हरवर कागदी टेपची एकेक पट्टी लावली होती, म्हणजे अंदाजावर काही राहू नये. टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी केली होती, आणि पुढचे टायर डावे-उजवे बदलूनही पाहिले. टायरचा दोष असता तर झुकाव बदलला असता. तो बदलला नाही.

मग मुख्य काम. पुढची चाकं उचलली, किंगपिन (ज्याच्याभोवती पुढचं चाक वळतं तो खिळा) आणि बॉल जॉइंटचा खेळ, म्हणजे सैलपणा, तपासला. एक टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉडच्या टोकाचा जोड, सैल होता, तो आधी बदलला, कारण सैल जोडावर केलेली मोजमापं पहिल्याच खड्ड्यात बदलतात. नंतर टो, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, सेट केला. क्रम महत्त्वाचा आहे: टाय रॉडची लांबी बदलली की स्टिअरिंगचा मध्यही हलतो, म्हणून टो आधी आणि ड्रॅग लिंक शेवटी. त्यानंतर ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवली आणि बॉक्सचा खरा मध्य शोधला. लिंक जोडलेली असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजून चालत नाही, कारण तेव्हा अडवतात ते चाकाचे स्टॉपर, बॉक्स नाही. लिंक सोडून, इंजिन बंद ठेवून, हलक्या हाताने फेरे मोजले आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबवलं. तिथे आमचं स्टिअरिंगचं चाकही सरळच होतं, म्हणजे दात्यांवर ते मुळात नीट बसलेलं होतं.

आता पुढची चाकं सरळ, बॉक्स मध्यावर, आणि लिंक दोघांच्या मध्ये बसेल तेवढ्या लांबीची करायची. इथे हात हलका लागतो. अशा बॉक्सचं गुणोत्तर साधारण वीसास एक धरलं तर ड्रॉप आर्म एक अंश हलला की स्टिअरिंग वीस अंश फिरतं. लिंकमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक स्टिअरिंगच्या चाकावर ठळक दिसतो. मिस्त्रींनी ॲडजस्टर थोडा थोडा फिरवून, दर वेळी रस्त्यावर नेऊन काम केलं. टाकी अर्धी भरलेली, नेहमीचं सामान आत, आणि मागे माझी आई बसलेली, कारण प्रवासात ती असतेच. शेवटी क्लॅम्पचे बोल्ट आवळले आणि जोडांची तोंडं एकमेकांवर अडत नाहीत ना ते पाहिलं.

फरक सर्वांत आधी समृद्धीवर कळला. सिन्नरच्या पुढे माळावर आडवा वारा लागतो, तिथे पूर्वी सतत बारीक दुरुस्ती करत राहावं लागे आणि खांदे भरून येत. आता वाऱ्याचा धक्का बसला की गाडी हलते आणि परत जागेवर येते. कसाऱ्याच्या वळणांवर दोन्ही बाजूंना स्टिअरिंग सारखंच वळतं. पूर्वी एका बाजूचा यू-टर्न मोठा पडायचा, त्याचं कारणही आता कळलं. बायकोही आता निर्धास्त लांब चालवते. पुढच्या टायरच्या कडेवर हात फिरवला की जे करवतीसारखं लागायचं ते नव्या टायरवर आलेलं नाही, पण याचं श्रेय टो आणि टाय रॉड एंडला जास्त आहे.

तक्रारीही सांगतो. टाकी काठोकाठ भरली की स्टिअरिंग आजही किंचित डावीकडे जातं, रिकामी झाली की मध्य ओलांडून जरासं उजवीकडे. पाट्याच्या गाडीत हे राहणारच. अर्ध्या टाकीवर सेट करणं ही तडजोड आहे आणि आम्हाला ती पटली आहे. दुसरं, पावसाळ्यात पेठ रस्त्याचे खड्डे खाल्ल्यावर झुकाव थोडा परत आला. ड्रॅग लिंक जागची हलली नव्हती. मागच्या एका बाजूचे ॲक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट ढिले झाले होते आणि मागचा ॲक्सल केसभर तिरका झाला होता. मागची चाकं तिरकी ढकलू लागली की पुढून ते स्टिअरिंगने भरून काढावं लागतं. पुढे कितीही सेटिंग केलं तरी ते जात नाही. पाट्याचा सेंटर बोल्ट शाबूत होता. ॲक्सल जागेवर घेऊन यू-बोल्ट आवळले आणि काम संपलं. म्हणून अलाइनमेंट करताना चारही चाकांचं मोजून घ्या, फक्त पुढच्या दोनचं नको.

ज्यांच्या गाडीत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि बॉक्सऐवजी रॅक प्रकारचं स्टिअरिंग आहे त्यांना ड्रॅग लिंक नसते. तिथे एक टाय रॉड जितका लांबवाल तितकाच दुसरा आखूड करायचा, म्हणजे टो तोच राहतो आणि स्टिअरिंग मध्यावर येतं. मशीनवर हे सोपं आहे, पण गाडी भरलेली असावी ही अट तिथेही तीच.

आमच्या किंगपिनच्या बुशमध्ये आता थोडा खेळ जाणवतो. पुढच्या पावसाळ्याआधी ते बदलून घेणार, आणि त्यानंतर टो आणि ड्रॅग लिंक पुन्हा याच क्रमाने, अर्धी टाकी भरून.