कानाच्या मशीनच्या शिबिरात ४२,००० रुपयांना गंडा

मोफत तपासणी शिबिरातून घेतलेल्या कानाच्या मशीनपायी अण्णांचे ४२,००० रुपये बुडाले. जोडीचे ३८,५००: २०,००० रोख, १८,५०० यूपीआयने, तेही कुणा माणसाच्या खाजगी खात्यावर. पुढे 'गोंगाट कापायचं प्रोग्रामिंग' म्हणून आणखी ३,५००. मंगल कार्यालय, फ्लेक्स, 'आजच बुक केलं तर निम्म्या किमतीत' हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही.

अण्णांची नोकरी जालन्याच्या रोलिंग मिलमधली. तसल्या कारखान्याच्या आवाजाने गेलेल्या कानाचा तपासणीतला आलेख ओळखू येतो: खालच्या पट्टीत बरं ऐकू येतं आणि ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, बहुधा ४००० ला, खड्डा पडतो. आवाज येतो, शब्द कळत नाही. स, श, फ गळतात. शिबिराच्या कागदावर मात्र दोन्ही कानांना २५० पासून ८००० पर्यंत ६० डेसिबलची सरळ रेष! तिथेच उठायला हवं होतं. डोक्यावर पंखा, उघडं दार, बाहेर टमटमचे हॉर्न. ही तपासणी आवाजबंद खोलीत करतात. कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून करायची चाचणी तर झालीच नाही. पण कागदावर शिक्का होता, नावापुढे 'डॉ.' होतं. घरच्या माणसाने आणखी काय तपासायचं? आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगायला टाळाटाळ झाली की पैसे काढूच नका.

संताप खरा गोंगाटाचा आहे. 'मशीन गोंगाट आपोआप कापतं' हे अर्धसत्य सांगून हे लोक विकतात. नॉइज रिडक्शनने त्रास कमी होतो, पण गोंगाटात मिसळलेला शब्द त्याने फारसा स्पष्ट होत नाही. त्यासाठी समोरचाच आवाज उचलणारे दिशादर्शी माइक लागतात, आणि कानात पूर्ण बुडणाऱ्या इवल्या मशीनमध्ये ते बसत नाहीत.

कुणाला किती गोंगाट सोसतो हे आलेखावरून कळतच नाही. सारख्याच आलेखाची दोन माणसं यात वेगळी निघतात. ते मोजता येतं. श्रवण-संशोधक ॲना नाबेलेक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच पद्धत मांडली. सलग बोलणं सुखद पातळीवर लावायचं, मग मागे गलका वाढवत न्यायचा आणि बोलणं ऐकताना माणूस कुठपर्यंत चालवून घेतो ते बघायचं. बोलणं ६० डेसिबलला, गलका ५० पर्यंत चालला, तर फरक १०. फरक ७ च्या खाली असेल तर मशीन बहुधा रोज वापरलं जातं, १३ च्या वर गेला तर बहुधा डबीत पडतं. काही मिनिटांचं काम! शिबिरात केलं काय, तर समोरासमोर बसून "ऐकू येतंय ना काका?" ओठ बघून कुणीही हो म्हणेल.

मोंढ्यात लिलाव सुरू होताच अण्णांनी मशीन काढून खिशात टाकलं. नंतर कळलं, ते नुसतं ॲम्प्लिफायर: सगळ्या पट्ट्या सारख्याच वाढवणारं, मोठ्या आवाजाला लगाम नसलेलं. आतली नस गेलेल्या कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज टोचतो, म्हणून कमाल आवाजाची मर्यादा लावावीच लागते. आणि संगणकाला जोडायची सोयच नव्हती, तर ३,५०० चं प्रोग्रामिंग कशात केलं?

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. फ्लेक्सवरची कंपनी म्हणाली, हा सिरियल नंबर आमचा नाही. आरोग्याच्या कचेरीत उत्तर मिळालं, शिबिराला परवानगी आम्ही दिलीच नव्हती. मग विनापरवानगी शिबिर भरलंच कसं, हे विचारल्यावर साहेब जेवायला गेले! जो तो पक्कं बिल मागतो. अरे, पक्कं बिल देणारा असता तर तुमच्या दारात आलो असतो का? म्हातारी माणसं ऊसतोडीच्या, पेन्शनच्या पैशातून ही मशीनं घेतात आणि ज्यांनी बघायचं ते फाईल पुढच्या टेबलावर ढकलतात.

कानाच्या मशीनवर जीएसटी नाही. बिलात १८ टक्के लावलेले दिसले तर वस्तू दुसरीच आहे असं धरा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची. फ्लेक्सचा फोटो आणि यूपीआयची नोंद जपा. मशीन वापरून बघायची मुदत पावतीवरच लिहून घ्या, आणि त्या मुदतीत मशीन लग्नात, एसटी स्टँडवर, मोंढ्यात लावून बघा. शांत खोलीतल्या होकारावर उरलेले पैसे देऊ नका.