तारे लांबट येतात: गाइडर घ्यायचा, बेल्ट बसवायचा की माउंटच बदलायचं?

दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढताय, दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारं एचईक्यू५ किंवा ईक्यू६ वर्गातलं माउंट आहे आणि दोन मिनिटांच्या फोटोत तारे लांबट येतात. अशा वेळी पैसे गाइडरवर (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत सुधारणारा जोडकॅमेरा) घालावेत की बेल्टवर (माउंटमधल्या छोट्या गिअरऐवजी बसणारा पट्टा), हे ठरवण्याआधी तारे कुठल्या दिशेला ओढले जातात ते बघा. खगोलीय विषुववृत्ताजवळचा, याम्योत्तर वृत्तावरचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरचा) तारा निवडा आणि ३० सेकंदांचे फोटो सलग १२ मिनिटं काढा. सगळे फोटो एकामागोमाग पाहिले की ताऱ्याची चाल कळते.

तारा डेकमध्ये (डेक्लिनेशन, म्हणजे उत्तर-दक्षिण) एकाच दिशेला सरकत असेल तर दोष पोलर अलाइनमेंटचा, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही. १० आर्कमिनिटांच्या चुकीने तारा मिनिटाला २.६ आर्कसेकंदांपर्यंत सरकतो (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा). नुसता ध्रुवतारा क्रॉसहेअरच्या मध्यावर आणून काम भागवलं असेल, तर चूक सुमारे ४० आर्कमिनिटांची राहते. पुण्या-मुंबईत ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १८-१९ अंश; इमारत किंवा धूर आड येतोच. मग ड्रिफ्ट पद्धत वापरा, म्हणजे ताऱ्याच्या सरकण्यावरून अक्षाची चूक ओळखा. आधी निवडलेलाच तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. पूर्व क्षितिजाकडचा तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. खर्च शून्य, आणि हे न करता गाइडर लावला तर फोटोत फील्ड रोटेशन (सगळं चित्र एका ताऱ्याभोवती हळूहळू फिरणं) उरतंच.

तारा आरएमध्ये (राइट असेन्शन, म्हणजे पूर्व-पश्चिम) पुढे-मागे डुलत असेल तर दोष वर्मचा, म्हणजे अक्षाचं दातेरी चाक फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचा. एचईक्यू५चं वर्म चाक १३५ दात्यांचं, म्हणून चक्र ६३८ सेकंदांचं. ईक्यू६चं १८० दात्यांचं, चक्र ४७९ सेकंदांचं. एचईक्यू५मध्ये हा झोका टोकापासून टोकापर्यंत ३० आर्कसेकंद असेल, तर सगळ्यात वाईट मिनिटात तारा जवळपास ९ आर्कसेकंद सरकतो. ४०० मिमी फोकल लेंग्थ आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एक पिक्सेल १.९ आर्कसेकंदांचा, म्हणजे साडेचार पिक्सेलची रेघ. ३० सेकंदांत ती निम्मी होते. इथे गाइडरला तोड नाही. १२० मिमी फोकल लेंग्थचा छोटा गाइडस्कोप (गाइडरची जोडदुर्बीण), मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि १ ते ३ सेकंदांचं एक्स्पोजर एवढ्यावर संथ झोका सहज आटोक्यात येतो.

बेल्टबद्दल मात्र गैरसमज फार. बेल्ट मोटर आणि वर्ममधले छोटे गिअर हटवतो. वर्मचा झोका तसाच राहतो. गाइडिंगच्या आलेखात दोनेक मिनिटांच्या चक्राचे छोटे, झटकेबाज दात दिसत असतील आणि गाइडर त्यांच्या मागे धावून दमत असेल, तरच बेल्टचा फायदा. म्हणून गाइडर आधी, बेल्ट नंतर.

डेकमध्ये दिशा बदलताना तारा काही सेकंद हलतच नसेल तर तो बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दात्यांमधली ढिलाई. वर्मचे ग्रब स्क्रू (वर्म चाकाला किती घट्ट टेकेल ते ठरवणारे छोटे स्क्रू) एका वेळी एक अष्टमांश फेराच फिरवा आणि दर वेळी अक्ष पूर्ण फिरवून बघा. जास्त आवळलं की मोटर अडते आणि स्टेप चुकतात. आरए मात्र पूर्वेकडे किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकाच बाजूला टेकून राहतात.

माउंटचा लाल दिवा लुकलुकत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी बॅटरी आणि वायर तपासा. हँडसेटवर चंद्राचा वेग तर निवडलेला नाही ना, तेही बघा. तारीख चुकली तर गोटू (निवडलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण आपोआप वळवणं) फसतो, पण ईक्यू माउंटचं नाक्षत्र गतीचं ट्रॅकिंग नाही.

हार्मोनिक ड्राइव्हचं (वर्मऐवजी लवचीक दातेरी कड्यावर चालणारं) नवं माउंट हलकं असतं, बॅकलॅश जवळजवळ नसतो, थोड्या वजनाला काउंटरवेटही लागत नाही. पण त्याचा पिरिऑडिक एरर (वर सांगितलेला, ठरावीक चक्राने येणारा झोका) बहुधा जुन्या माउंटपेक्षा मोठा असतो, त्यामुळे तिथेही गाइडर घ्यावाच लागतो. गच्चीवरून गाडीत आणि गाडीतून माळरानावर सामान नेणाऱ्याने ते जरूर घ्यावं. ट्रॅकिंग सुधारेल एवढ्याच आशेने नको. १००० मिमी फोकल लेंग्थच्या पुढे असाल तर ते पैसे ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडरवर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश वळवून घेणारा गाइडर) घाला, कारण तिथे गाइडस्कोपचं सूक्ष्म वाकणंही फोटोत उतरतं.