रॉयल कॅनॉलच्या काठाने सात महिने: टूरिंग सायकलचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या मार्चच्या अखेरीस मी पोलादी सांगाड्याची एक टूरिंग सायकल घेतली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत ती जवळजवळ पूर्णपणे आयर्लंडच्या रॉयल कॅनॉल ग्रीनवेवर, म्हणजे रॉयल कालव्याच्या काठच्या पायी आणि सायकलने जाण्याच्या वाटेवर, चालवली. मी डब्लिनच्या पश्चिमेला मेनूथला राहतो. हा मार्ग तिथून सुरू होतो आणि कालव्याच्या काठाने क्लूनडारापर्यंत, म्हणजे कालवा शॅनन नदीला मिळतो तिथपर्यंत, सुमारे १३० किलोमीटर जातो. सात महिन्यांत माझे २,३०० किलोमीटर झाले. त्यांतले बरेचसे सामान लादून, एकदोन मुक्काम करत केलेल्या फेऱ्यांचे. सायकल घेताना मला कोणी न सांगितलेली गोष्ट आधी सांगतो: इतक्या सपाट वाटेवर शरीर अधिक थकते आणि सायकलीची निवड त्याच हिशेबाने करावी लागते.

चढ असला की मागोमाग उतार येतो. उतारावर पाय थांबतात, आपण सीटवरून थोडे उठतो, हातांची पकड बदलते. कालव्याच्या काठावर यांतले काहीच घडत नाही. फर्न्स लॉकपासून थॉमसटाउनपर्यंत तीसेक किलोमीटरांत एकही लॉक, म्हणजे नावांना वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे जलद्वार, नाही. त्यामुळे वाटही तेवढे अंतर पाण्याच्या पातळीला धरून चालते आणि पॅडल थांबवले की सायकल थोड्याच वेळात थांबते. पहिल्या दोन फेऱ्यांत माझे पाय उत्तम होते, मात्र बैठक दुखावली होती आणि उजव्या हाताची करंगळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती.

हा सपाटपणा मुद्दाम घडवलेला आहे. कालव्याचे काम १७९० मध्ये सुरू झाले, १८१७ मध्ये तो शॅननला मिळाला, आणि काठावरची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. मी सायकल शिकलो ती बारामतीकडे, नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर. तो कालवा शेताला पाणी नेतो, म्हणून त्याचे पाणी वाहते. इथले पाणी नावा तरंगवण्यासाठी टप्प्याटप्प्याने अडवलेले आहे. कालवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाहते पाणी येत असे, त्यामुळे या निश्चल पाण्याची सवय व्हायला मला काही आठवडे लागले.

सायकलीतला पहिला बदल मी टायरचा केला. दुकानातून ती ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरांवर आली होती आणि मी त्यांत ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरत होतो. वाटेचा पुष्कळ भाग दाबून बसवलेल्या खडीच्या बारीक चुऱ्याचा आहे. दिसायला तो गुळगुळीत असला तरी प्रत्येक खडा हँडलमधून मनगटापर्यंत पोहोचत होता. मे महिन्यात मी ४० मिलिमीटरचे टायर घातले आणि हवा ४५ पीएसआयवर आणली. वेग माझ्या नोंदींप्रमाणे जवळपास तोच राहिला, करंगळीचा बधिरपणा मात्र तीन आठवड्यांत गेला. हँडलही तीन सेंटिमीटर उंच करून घेतले. वाऱ्याविरुद्ध वाकून बसण्याचा फायदा इथे मिळतो हे खरे, परंतु दिवसाचे सहा तास एकाच स्थितीत बसायचे असेल तर सरळ पाठ अधिक मोलाची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

खडीच्या चुऱ्याचा दुसरा त्रास पावसात कळतो. ओला झाला की त्याची करड्या रंगाची पातळ लापशी होते आणि ती चेनमध्ये, ब्रेकमध्ये, पॅनियरच्या, म्हणजे कॅरिअरला बाजूने अडकवायच्या पिशव्यांच्या, हुकांत सगळीकडे जाऊन बसते. फेरीनंतर चेनला बोट लावून पाहावे. तेल काळे आणि गुळगुळीत लागण्याऐवजी दोन बोटांमध्ये रवा चोळल्यासारखे लागते. पहिली चेन १,९०० किलोमीटरांवर ताणली गेली आणि बदलावी लागली. डिस्क ब्रेकचे मागचे पॅड १,४०० किलोमीटरांतच संपले, तेही जिथे ब्रेक लावण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत अशा वाटेवर. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि पुढच्या मडगार्डला खाली रबराची झडप, हे दोन खर्च मी पुन्हा विचार न करता करीन.

एका गोष्टीची तक्रार नोंदवलीच पाहिजे. कॅरिअर ज्या दुकानाने बसवून दिला, त्याने बोल्टांना थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव, लावला नव्हता. जुलैमध्ये ॲबीश्रूलहून बॅलीनाकार्गीकडे येत असताना मागून टकटक ऐकू येऊ लागली. थांबून पाहिले तर कॅरिअरचा डावा खालचा बोल्ट गळून पडला होता आणि अकरा किलोंचा पॅनियर चाकाच्या आऱ्यांपासून बोटभर अंतरावर लोंबकळत होता. पाण्याच्या बाटलीच्या स्टँडचा बोल्ट त्याच मापाचा, एम-५ असतो, हे माहीत होते म्हणून निभावले. चार मिलिमीटरच्या ॲलन कीने एक बोल्ट तिथून काढून इथे बसवला आणि बाटली पॅनियरच्या पट्ट्यात खोचली. तेव्हापासून दोन जादा बोल्ट हँडलच्या पिशवीत असतात आणि प्रत्येक मुक्कामी सकाळी सगळे बोल्ट हाताने तपासतो.

पॅनियर निवडताना रुंदी पाहावी, कारण रस्ता ओलांडण्याच्या काही ठिकाणी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून आडवीतिडवी लोखंडी फाटके लावलेली आहेत आणि भरलेली सायकल त्यांतून दोनतीनदा मागेपुढे करूनच निघते. मी मोठी जोडी विकून लहान घेतली. घंटी स्पष्ट वाजणारी हवी, आणि ती लांबूनच वाजवावी. पुलाच्या दगडी कमानीखाली वाट अरुंद होऊन वळते, पलीकडचे दिसत नाही, आणि मासे धरायला बसलेल्या माणसांच्या लांब काठ्या पुष्कळदा वाटेवर आडव्या असतात. एका वृद्ध गृहस्थांनी मला शांतपणे सांगितले की घंटी जवळ येऊन वाजली तर काठी उचलायला वेळ मिळत नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते.

दिशेबद्दल माझा सल्ला असा की मेनूथहून निघू नये. आयर्लंडमध्ये वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो आणि उघड्या काठावर तो दिवसभर छातीवर घेणे कष्टाचे आहे. जाताना रेल्वेने जाता येते, कारण मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीने १८४५ मध्ये कालवाच विकत घेऊन त्याच्या शेजारून रूळ टाकले. पुढे कालव्यावरची वाहतूक रोडावत गेली आणि १९६१ मध्ये तो नावांसाठी बंद झाला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गाळ उपसल्यावर २०१० मध्ये तो पुन्हा खुला झाला आणि २०२१ मध्ये ग्रीनवे पूर्ण झाला. रेल्वे कंपनीच्या त्या जुन्या व्यवहाराचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो: मेनूथ, एन्फिल्ड, मलिंगर आणि लॉन्गफर्ड ही स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलीसाठी जागा मोजक्याच असतात, म्हणून आरक्षण आधी करून लॉन्गफर्डला उतरावे आणि वारा पाठीशी घेऊन परतावे.

या वाटेवर घाईने जाऊ नये, याचे कारण मला क्लूनडारापासूनच दिसू लागले. १८४७ च्या दुष्काळात शॅननपलीकडच्या स्ट्रोक्सटाउन गावच्या जमीनदारीतून काढून टाकलेली १,४९० कुळे-माणसे याच काठाने चालत डब्लिनला गेली आणि तिथून लिव्हरपूलमार्गे क्वेबेकला जाणाऱ्या जहाजांवर चढवली गेली. त्यांच्या आठवणीसाठी वाटेत जागोजागी लहान मुलांचे कांस्याचे जोडे ठेवले आहेत. पहिला जोड पाहिला तेव्हा त्यात पावसाचे पाणी साचले होते. माझ्या पॅनियरमध्ये दोन दिवसांचे जेवण होते आणि त्या ठिकाणी मला काही खाववले नाही.

लाँगवुडजवळ कालवा बॉइन नदीवरून पुलाने जातो. सायकल कठड्याला टेकवून खाली पाहिले की नदी वाहताना दिसते, आणि मागे वळले की हाताच्या अंतरावर कालव्याचे स्थिर पाणी. तीस किलोमीटरांच्या सलग पॅडलनंतर मी ठरवून तिथे अर्धा तास थांबतो. बैठकीला लागणाऱ्या विश्रांतीसाठी आता मी अशीच जागा नेमून ठेवतो.

मेनूथच्या पूर्वेला डब्लिनकडे जाताना क्लोन्सिला आणि कॅसलनॉकदरम्यान डीप सिंकिंग नावाचा, खडक फोडून काढलेला खोल टप्पा आहे. मी गेलो तेव्हा तिथली पायवाट मुळांनी आणि दगडांनी भरलेली, जेमतेम एका माणसापुरती होती आणि खाली पाणी होते. भरलेली सायकल मी हातात धरून नेली. सामान असेल तर तो टप्पा रेल्वेने टाळावा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली आणि पाचच्या सुमारास संधिप्रकाश उतरू लागला. त्या दिवशी एन्फिल्डहून परतताना चार्जिंगचा दिवा मेनूथच्या सहा किलोमीटर अलीकडे विझला, आणि डावीकडे पाणी आहे हे केवळ बदकांच्या आवाजावरून कळत होते. पुढच्या चाकासाठी डायनामोचा हब, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज तयार करणारा मधला भाग, मागवला आहे. तो येईपर्यंत नवी चेन घातलेली सायकल जिन्याखाली उभी आहे.