अपघाताच्या क्लेमसाठी खरी मदत कुठे मिळाली – काही महिन्यांच्या वापरानंतर

आईला रस्ता ओलांडताना कारने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, आता भरपाईचा क्लेम ट्रिब्युनलमधे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात, चालू आहे. मधल्या काळात जे जे वापरलं त्याबद्दल लिहितेय, कारण दवाखाना सांभाळत हे सगळं शोधायला घरच्यांना वेळच नसतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचा. ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, १५१०० या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे बायका, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. फुकटचा वकील लक्ष देणार नाही असं नातेवाईक म्हणत होते, पण आम्हाला मिळालेल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं की आई दिवसभर घरात काय काय करायची, स्वयंपाक, आजीचं करणं, सगळं लिहून आणा म्हणाल्या. कारण बाई कमावत नाही मग नुकसान कसलं, असं समोरून म्हटलं जातं, आणि २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स निकालात सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाचंही उत्पन्न धरलंय. आईला हे सांगितल्यावर ती कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोलली.

याच्या अगदी उलट अनुभव हॉस्पिटलबाहेरच्या एजंटचा. मिळेल त्यातले टक्के द्या, इथे सही करा, बाकी आम्ही बघतो! वकिलाने टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही, त्यामुळे अशा कोणाला कोरं वकीलपत्र अजिबात देऊ नका.

पोलिसांकडून मिळणारे कागद म्हणजे क्लेमचा पाया. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो. आमच्याकडे तो आपोआप काही गेला नाही, लेखी अर्ज देऊन पोचपावती घेतली तेव्हा हालचाल झाली. पण त्या अहवालाची वाट बघत बसू नका, मोटार वाहन कायद्यात आता अर्जाला सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. आणि अपघात कुठेही झाला तरी आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमधे अर्ज करता येतो, हे माहीत असलं की बरीच धावपळ वाचते.

समोरच्या गाडीचा विमा होता का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कळलं, तारखा ई-कोर्ट्स ॲपवर दिसतात, दोन्ही चांगली आहेत. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ ची हिट अँड रनची योजना आहे, गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख. विमा लोकपालांकडे मात्र आपल्या स्वतःच्या पॉलिसीची तक्रार चालते, समोरच्या गाडीच्या विम्यावरचा क्लेम तिथे चालत नाही.

लोक अदालतीचं नीट समजून घ्या. तिथे लवकर मिटतं, पण एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही. आम्हाला आकडा बरा वाटला होता, पण रॉड काढायचं ऑपरेशन अजून बाकी आहे आणि त्याचा खर्च त्यात धरलाच नव्हता, म्हणून मॅडमनी थांबायला सांगितलं. आता डॉक्टरांकडून पुढच्या खर्चाचं लेखी एस्टिमेट घेतलंय, ते पुढच्या तारखेला दाखल करणार आहोत.