साडेआठ हजारांची गिटार: लातुरातले दहा महिने

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला इलेक्ट्रिक गिटार घरी आली, परवा पोळा झाला. थंडी, ऊन, पाऊस असे तिन्ही हंगाम तिनं लातुरात काढले. लिहायला मुद्दाम एवढा उशीर केला. दुसऱ्या महिन्यात बसलो असतो तर नव्या पिकअपच्या (तारांचा कंप पकडून ॲम्पकडं पाठवणाऱ्या चुंबक-कॉइलच्या) कौतुकात पान भरलं असतं आणि आज ते मलाच खोडावं लागलं असतं.

वस्तू अशी: स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचा आकार, तीन सिंगल कॉइल पिकअप, बासवुडची बॉडी, मेपलची नेक (दांडी), साडेपंचवीस इंची स्केल (वाजणाऱ्या तारेची लांबी). फेंडरनं १९५४ साली हा आकार आणला, तेव्हापासून त्याच्या नकला निघतायत. ही त्यातली ₹८,५००ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत सगळ्यांचं दुखणं सारखंच. लाकूड ठीक असतं, रंग तर नवरदेवाच्या फेट्यासारखा, पण यंत्रातून निघाल्यावर माणसानं बसून जे घासायचं, जुळवायचं, ते काम झालेलं नसतं. मी एमआयडीसीत एका डाळ मिलचे हिशेब लिहितो. हत्यार हातात धरायचा सराव शून्य होता, तरी जमलं, एवढं आधी सांगून ठेवतो.

पहिल्याच संध्याकाळी दोन रडगाणी सुरू झाली. पाचव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढं सरकलं की तार झणझणायची. वडील सप्ताहात वीणा धरतात, ते ओट्यावरूनच म्हणाले, "जवारी लई लागलीय की तुझ्या तारंला." तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जी मुद्दाम आणतात, ती इथं फुकटात आली होती. दुसरं म्हणजे मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, पण साधी सी कॉर्ड धरली की बेसूर. महिनाभर मी माझ्या बोटांना शिव्या घातल्या. खोड नटमध्ये होती.

नट म्हणजे नाटकातला नव्हे. नेकच्या टोकाला असते ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडं जातात. खाचा उथळ असल्या की तार पहिल्या फ्रेटपासून उंच राहते, दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. वहीचा कागद जेमतेम सरकावा. माझ्याकडं लग्नपत्रिका आरामात जात होती. मूळ नट आतून पोकळ प्लॅस्टिकचा, म्हणून ₹३५०चा हाडाचा मागवला. खाचा कोरायच्या खास कानशींचा संच गिटारीच्या निम्म्या किमतीला बघितला आणि सोडून दिला. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर वेल्डिंगच्या सामानाचं दुकान आहे. तिथं गॅस कटरचं नोझल साफ करायच्या सुयांचा संच ₹९०ला मिळाला. वेगवेगळ्या जाडीच्या, अंगभर बारीक दाते असलेल्या सुया. तारेच्या जाडीची सुई निवडायची, दोन हात घासायचे, तार चढवून बघायचं, परत दोन हात. खाचेचा उतार खुंट्यांकडं ठेवायचा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या (फ्रेट बसवलेल्या फळीकडच्या) कडेवर टेकते. उतार उलटा झाला तर गिटारीची सतार होते.

तिसऱ्या तारेला घाई झाली. कानाला फोन, हातात सुई, चार हात जास्त बसले आणि ती मोकळी ‘जी’ तार झणझणायला लागली. उतारा आहे: खाचेत चिमूटभर खायचा सोडा आणि वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो. धूर निघतो, तोंड लांब ठेवा. मग नव्यानं कोरायचं. ती डागडुजी अजून बसलेली नाही. शेवटी सगळ्या खाचांत ६बी पेन्सिलीची पूड भरली. ट्यूनिंग सुटायचं माझं निम्मं दुखणं त्या पुडीनंच गेलं, आणि हे मला ₹२,६००च्या लॉकिंग (तार घट्ट धरून ठेवणाऱ्या) खुंट्या बसवल्यावर कळलं. नव्या खुंट्यांच्या स्क्रूची भोकं जुन्यांशी जुळत नव्हती, ती वेगळी पाडावी लागली. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या बसतात त्या टोकाच्या, मागं आता देवीचे व्रण दिसावेत तसं दिसतं.

पाचव्या फ्रेटपुढची झणझण अर्थातच नटनं जाणार नव्हती. स्टीलच्या पट्टीचा तुकडा तीन-तीन फ्रेटवर टेकवून डुलतो का बघत गेलो, तर नववा फ्रेट उठलेला. वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हलके दोन टोले, फटीत फेविक्विक. बस्स.

आता फ्रेटची टोकं. यावर जरा जास्त लिहितो, कारण हे आपल्या भागाचं दुखणं आहे. हवा कोरडी झाली की फ्रेटबोर्डाचं लाकूड आकसतं, फ्रेट धातूचा, तो आहे तेवढाच राहतो. मग त्याची टोकं दोन्ही कडांनी कुसळासारखी बाहेर येतात. मुंबईचा माझा मावसभाऊ हेच मॉडेल वाजवतो, त्याला हा प्रकार माहीतच नाही. माझा तळहात मात्र जानेवारीत मांजरानं ओरबाडल्यासारखा झाला होता. सोनारकामाची एक बारीक चपटी कानस ₹१२०ला आणली, कडेच्या लाकडावर मास्किंग टेप लावली आणि एका रविवारी बावीस फ्रेटची चव्वेचाळीस टोकं घासली. बायको म्हणाली, "नखं कापताय का गिटारीची?" काम तसंच आहे. एकेका टोकाला कानस तिरकी धरून तीन-चार हात, मग बोट फिरवून बघायचं.

मे महिन्यात टोकं परत बाहेर! पारा बेचाळिसावर, कूलर दुसऱ्या खोलीत, लाकूड जानेवारीपेक्षाही सुकलेलं. परत घासली. जुलैत ओल आल्यावर लाकूड फुगलं आणि टोकं कडेच्या आत गेली. आता हात सरकवला की साबणाच्या वडीवरून गेल्यासारखा जातो. मी जानेवारीत केलेली मेहनत वायाच होती. लातूर-बीड-परभणीकडं राहत असाल तर कानस मेमध्येच काढा. वर्षातल्या सगळ्यात सुकलेल्या दिवसांत टोकं लाकडाबरोबर घासली की पुढं ती डोकं वर काढत नाहीत. तोवर टोचलं तर सोसा.

फ्रेटला चमक आणायला झिरो नंबरची स्टील वूल वापरत असाल तर आधी पिकअपवर टेप चिकटवा. त्यात चुंबक आहे आणि लोखंडाचा तो भुगा त्याला मुंग्यांसारखा लागतो. काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते गुणगुणीनं. ॲम्प चालू केला की पंख्याखाली भुंगा बसल्यासारखा आवाज. सिंगल कॉइल म्हणजे हे थोडं आलंच, घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण ती कॉइल पकडते. पण माझ्याकडं ती गाण्यापेक्षा मोठी होती. तारांना हात लावला की कमी, सोडला की सुरू. हा बिघाड नव्हे, हे नंतर समजलं. आपलं शरीर अँटेनासारखं घरातला विजेचा गोंगाट गोळा करतं. तारेला हात लागला की ते ग्राउंडला जोडलं जातं. हात लावल्यावर गुणगुण वाढली तर मात्र आतल्या वायरी तपासाव्यात.

मी तांब्याची टेप ₹२८०ला आणून बॉडीच्या पोकळ्या आणि पिकगार्डची (पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणाची) मागची बाजू मढवली, टेपच्या जोडांवर सोल्डरचे ठिपके दिले, मल्टिमीटर लावून सगळं एकसंध आहे हे बघितलं. गिटार जोडली तर आवाजच नाही. गुणगुण नाही, गाणंही नाही. स्विचचा एक पाय तांब्याला टेकला होता. तिथं इन्सुलेशन टेप लावली. फरक पडला, पण पंधरा हजारांचं काम केल्याच्या आनंदात मी होतो तेवढा नक्कीच नाही. शिवाय माइक लावून गाताना एकदा ओठाला असा चटका बसला की दोन दिवस चहा डाव्या बाजूनं प्यायलो.

गिटार घेऊन चाचांकडं गेलो. चाचा रेडिओ, ॲम्प आणि बँडवाल्यांचे बेंजो दुरुस्त करतात. बेंजोचे पिकअप स्वतः गुंडाळतात. त्यांनी त्यांच्या ॲम्पला गिटार लावली, मोकळी ‘ई’ तार छेडली, कान दिला. गुणगुण नावापुरती. "बाबा, गिटार कशाला खोलायलास? घराचं अर्थिंग बघ आधी."

घर आजोबांच्या काळातलं. तीन पिनांचे सॉकेट होते, पण वरच्या जाड भोकामागची हिरवी वायर पुढं कुठं तरी तुटायला आलेली. इलेक्ट्रिशियननं टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला, तर दिवा काजव्याएवढा. अंगणातला मीठ-कोळशाचा खड्डा मेच्या उन्हात ठणठणीत कोरडा पडलेला. माती सुकली की तिचा विरोध वाढतो आणि वीज जमिनीत जात नाही. वायर बदलली, खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं खड्ड्यात बादली रिती करायला हात धजत नाही. शेवटी आरओचं वाया जाणारं पाणी तिकडं वळवलं. सगळ्याचे ₹१,८०० झाले. त्या रात्री ॲम्प लावला तेव्हा मी आधी वायर निसटली का ते बघितलं, इतकं शांत. ओठाचा चटकाही गेला. ॲम्पच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांत घुसवणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लोडशेडिंगमध्ये माझ्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भुंगा अजून येतो. तेव्हा मी ॲम्प बंद करून नुसती तार छेडत बसतो.

पिकअप. ₹३,४००चा अल्निको ५ चुंबकांचा संच बसवला. आधीचे सिरॅमिक चुंबकांचे, कर्कश वाटायचे. नवे घातले आणि जाड तारेचा सूर डुलायला लागला, ट्यूनरचा काटा एका जागी थांबेना. पिकअप तारांच्या फार जवळ होते आणि चुंबक तारेला खेचत होता. स्क्रू फिरवून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवलं, डुलणं थांबलं. मग शंका आली म्हणून एक दिवस जुने परत लावले आणि तेही खाली उतरवून बघितले. निम्मा कर्कशपणा तिथंच गेला! हे आधी केलं असतं तर पैसे वाचले असते. नव्यांचा खरा फायदा एकच. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, त्यामुळं पिकअप निवडायच्या पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअपांची गुणगुण एकमेकींना मारते. (हा पाच जागांचा स्विच १९७७ पासूनचा. त्याआधी तीनच जागा होत्या आणि वाजवणारे स्विच मध्येच अडकवून हा आवाज काढायचे.) एका पिकअपच्या दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या, तेव्हा याच जागांवर पत्र्याच्या डब्यासारखा पातळ आवाज येत होता.

सोल्डरिंगचं एकच सांगतो. पॉटच्या (आवाज आणि टोनच्या बटणाखालच्या डबीच्या) पाठीवर २५ वॉटच्या गनचं काही चालत नाही, पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि डाग कच्चा राहतो. पाठ पॉलिश पेपरनं घासा आणि मोठी गन आणा. मी चाचांची ६० वॉटची आणली. टोनचा कपॅसिटर त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला, २२३ लिहिलेला, म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, पाच रुपयांचा. नेटवर याचेच हजार रुपये मागणारे लोक आहेत. माझ्या कानाला तरी पाच रुपयांचा पुरतो.

ट्रेमोलोचा, म्हणजे घोडी हलवून सूर डुलवायचा दांडा मी वापरत नाही. चौकटीच्या कामातून उरलेल्या सागवानाचा ठोकळा सुताराकडून तासून घेतला आणि मागं घोडीच्या धातूच्या ब्लॉकपाशी ठोकून बसवला. घोडी आता हलत नाही.

जुलैत एक नवीन तक्रार आली: जाड तार पहिल्या चार फ्रेटवर घासायला लागली. नेक ओल पिऊन जरा जास्तच सरळ झाली होती. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबला आणि सातव्यावर फट मोजली. त्यासाठी गॅरेजवाले टॅपेट सेट करताना वापरतात तीच फीलर गेज, ₹१५०ची. पाव मिलिमीटरची पाती जायला हवी, जात नव्हती. ट्रस रॉड (नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई) डावीकडं पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवलं, सकाळी ठीक. पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात जाऊ नका. ऑक्टोबर हीटमध्ये परत उलटं करावं लागेल असं दिसतंय.

मिलमध्ये बसून हिशेब केला. तारांचे संच आणि अर्थिंग सोडून गिटारीवर ₹६,९९० गेले. त्यातले ₹६,००० पिकअप आणि खुंट्यांचे. उरलेल्या ₹९९०मध्ये नट, सुया, कानस, टेप आणि फीलर गेज. आज कुणी मला तशीच गिटार हातात दिली तर मी ते ₹९९० आणि पाच रुपयांचा कपॅसिटर एवढंच खर्चीन, खुंट्यांना तर हातही लावणार नाही. पिकअपचं मन होईल, खोटं कशाला बोलू. पण ते दुसऱ्या वर्षी.

जुने तिन्ही पिकअप चाचांनी मागून घेतले. त्यातला एक एका बँडच्या बेंजोत बसवलाय. गणपतीत औसा रोडवरून मिरवणूक गेली की ऐकू येईल.