कॅम्पबेलचं गॅझेटियर आणि सोबतची जुनी बाडं : काही महिन्यांच्या वापरानंतर

कोकणातली बंदरं, खोती (गावचा सारा कुळांकडून वसूल करून सरकारला भरणाऱ्या खोतांची पद्धत) किंवा मुंबईच्या गिरणीत गेलेली माणसं यांवर काही लिहायचं असेल तर बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथमालेचा, दहावा खंड हाताशी हवाच. मात्र तो एकटा पुरत नाही, आणि त्यातली सगळी पानं सारख्या भरवशाची नाहीत.

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी हर्णै-दाभोळ पट्ट्यातल्या बंदरांची माहिती जमवायची होती. त्यामुळे अख्खा पावसाळा आणि नंतरचे महिने ही पुस्तकं उघडीच होती. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला रत्नागिरी-सावंतवाडीचा हा दहावा खंड १८८० सालचा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३चा. दोन्हींचे स्कॅन फुकट मिळतात.

स्कॅनची गंमत अशी, की कॅम्पबेलच्या छपाईत दीर्घ 'आ'साठी रोमन 'ए'च्या डोक्यावर तिरकी रेघ आहे. यंत्र ते अक्षर 'डी' म्हणून वाचतं आणि रत्नागिरीचं 'रत्नड्गिरी' करून ठेवतं. सरळ 'रत्नागिरी' टाकून शोधलं तर निम्म्या जागा सापडतच नाहीत. शिवाय गावांची जुनी नावं वेगळी. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत सुवर्णदुर्ग 'सेव्हर्नड्रूग' होतो, बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया', विजयदुर्ग 'घेरिया'. शेवटी नावांची एक वहीच केली. छापील पुनर्मुद्रण घ्यावं का? मी घेतलं, पैसे फुकट गेले. आकड्यांचे तक्ते पुसट आणि घडीचा नकाशा गायब. स्कॅनमध्येही बऱ्याचदा नकाशा घडी न उघडताच टिपलेला असतो, तेव्हा वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या प्रती ताडून बघा.

आता मुख्य गोष्ट. जिथे सरकार पैसे मोजून घेत होतं, तिथले आकडे चांगले आहेत: जकात, मीठ, जमीनमहसूल, बंदरातून गेलेला आणि आलेला माल. जिथे साहेब लोकांच्या स्वभावाविषयी बोलतो तिथे जपून. अमुक जात आळशी, तमुक कष्टाळू असे शेरे आजही लोक खुशाल उतरवून काढतात. मी ती पानं साहेबाचा स्वभाव कळावा म्हणून वाचते. गलबतांचं वर्णन मात्र झकास आहे. शिबाडी, पडाव, मचवा, कोण कुठला माल नेतो, सगळं आहे.

खोतीचा भाग तर तारीख डोळ्यासमोर ठेवूनच वाचावा. खोतांचे हक्क ठरवणारा कायदा आला १८८० साली, म्हणजे खंड निघाला त्याच वर्षी. लिहिणारे त्याच सरकारचे नोकर, आणि भांडण तेव्हा गरम होतं. त्यांच्या लेखी खोत हा महसुलाचा प्रश्न आहे. कुळाच्या घरात काय चाललं होतं ते कळायला पुढचे कागद लागतात: नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ चाललेला अलिबागजवळच्या चरी गावातल्या कुळांचा संप, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडलेलं खोतीविरोधी विधेयक, आणि १९४९चा खोती रद्द करणारा कायदा. तालुक्यांचे सर्व्हे सेटलमेंट रिपोर्ट (जमीन मोजून सारा ठरवल्याचे अहवाल) मिळाले तर सोडू नका. भाषा रुक्ष, पण गावागणिक प्रतवारी आणि दर असतात. मला तेच सर्वात उपयोगी पडले.

मापांचा घोळ वेगळाच. मिठाच्या हिशेबातला मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ३७ किलो. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, जेमतेम पावणेतेरा किलो. त्यात वीस मणांची एक खंडी, आणि गलबत किती मालाचं तेही खंडीतच सांगायचं. कुठला मण ते न बघता बेरीज केली की बंदराचा व्यापार तिप्पट होऊन बसतो.

लोकसंख्येलाही तसंच. १८८०च्या खंडातली शिरगणती १८७२ची, तेव्हा रत्नागिरी जिल्हा १०,१९,१३६. पुढे १८८१ला तोच आकडा ९,९७,०९० झाला, आणि १९०१ला ११,६७,९२७. ही उतरण कॅम्पबेलच्या खंडात असणं शक्यच नाही, त्यासाठी १९०८चं इंपीरियल गॅझेटियर बघावं लागतं. आणि हे आकडे १९६२च्या रत्नागिरी गॅझेटियरशेजारी थेट मांडू नका. मधे सावंतवाडी संस्थान विलीन होऊन जिल्ह्यात आलेलं आहे. १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणजे आजच्या जिल्ह्याशी तुलना करताना पुन्हा कात्री लावायची.

व्यापारी मासिकांकडून फार अपेक्षा नव्हती. 'इंडियन टेक्स्टाइल जर्नल' १८९०पासूनचं. त्यात यंत्रं, कापूस आणि मालक भरपूर, कोकणातला माणूस क्वचित. रत्नागर यांनी संपादित केलेला १९२७चा मुंबईच्या गिरण्यांवरचा जाडजूड ग्रंथही त्याच घरातला. एखादी गिरणी कधी, कोणी काढली हे बघायला उत्तम, बाकी चाळून ठेवून दिला. पण १९२१ला मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने काढलेलं 'लेबर गॅझेट' हे मासिक बघाच. दरमहा तांदूळ-डाळीचे भाव, पगार, संपांचे तक्ते. १९२८चा गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, तेव्हा चाकरमानी बोटीने गावी परतले हे आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. त्या महिन्यांचे अंक आणि घरातल्या आठवणी शेजारी ठेवून वाचताना मजा येते.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर राज्याच्या दर्शनिका विभागाच्या मराठी दर्शनिका, म्हणजे मराठीतली गॅझेटियरं, आहेत. वाचायला सोप्या, स्थळवर्णन चांगलं. जुन्या व्यापाराचे तक्ते मात्र मुळातच बघावेत.

एक मोठी पोकळी राहतेच. पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव मासळी विकणाऱ्या बायकांच्या धंद्यावर बंदरात जकात नव्हती, म्हणून व्यापाराच्या तक्त्यांत त्या नाहीत. १९३३चा सोर्ले यांचा मच्छीमारीवरचा अहवाल मागवलाय, त्यात काय निघतं बघू. तोवर हर्णैच्या लिलावात बसणाऱ्या आज्ज्यांना विचारून लिहून घेणं चालू आहे.